चौदा नंबरची रेती

बाबाजी, तुमच्या अंगठ्याचा निळा ठसा अजून माझ्या पिशवीत आहे. सोमवारी तो अर्ज कचेरीत द्यायचा होता आणि शनिवारी तुम्ही गेलात. अशा वेळी काय करायचं हे मला कोणत्याच शिबिरात शिकवलेलं नव्हतं, म्हणून मी काहीच केलं नाही. अर्ज पिशवीत राहिला, पिशवी खांद्याला राहिली आणि मी तशीच तुमच्या मयताला आले. तुमच्या सुनेनं, वच्छलाबाईनं, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "पिशवी त ठेव न व आता."

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहायचं असतं म्हणे. मला ते जमणार नाही. आपलं भांडण सात वर्षं चाललं, उन्हात, रेतीत, तुमच्या ओट्यावर, आणि त्यातला शेवटचा शब्द तुम्ही मला कळू न देता बोलून मोकळे झालात. तो मला कळला तेव्हा तुम्ही ओट्यावर नव्हता. याचा मला राग आहे. आणि रागापेक्षा जास्त मला अजून विचारायचं आहे. वहीच्या मागच्या पानावर तुमच्यासाठी काढून ठेवलेले प्रश्न तसेच आहेत. त्यातले काही आता विचारते, उत्तर मिळो न मिळो.

पहिल्यांदा आले तेव्हा मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. सिंदी मेघेच्या घरून निघून एसटीनं पुलगाव, आणि पुढं नदीपर्यंत पायी. वडिलांचं कापडाचं दुकान. ते म्हणाले होते, "लोक रस्त्यावर आंदोलन करतात, तू रेतीत करणार काय?" हातात पत्रकांचा गठ्ठा होता. वर ठळक अक्षरात ‘नदी कोणाची?’ तुम्ही ढिवरपुऱ्यात, नदीकाठच्या मासेमारांच्या वस्तीत, तुमच्या ओट्यावर जाळं सांधत बसला होता.

"काय लिवलं हाय?" तुम्ही विचारलं.

मी उभी राहून अख्खं पत्रक वाचून दाखवलं, सभेत वाचतात तसं, शेवटी मूठ वर करून. तुम्ही शेवटपर्यंत ऐकलं. मग एक कागद हातात घेऊन अंगठ्यानं चोळला.

"कागद बरा हाय. अजून हायेत काय?"

मी हरखून सगळा गठ्ठा दिला. परतीच्या एसटीत मला वाटत होतं, ढिवरपुरा जागा झाला.

महिन्यानं आले तर तुमच्या अंगणात माझी पत्रकं ओळीनं उभी होती. प्रत्येकाचा द्रोण केलेला, आत माती आणि शेणखत, आणि वर दोन-दोन हिरवी पानं. ‘नदी कोणाची?’ मधून टरबूज उगवलं होतं.

"हे काय केलं, बाबाजी?"

"पळसाच्या पानाचे द्रोन फाटतात. तुया कागद नरम हाय, मुळाले वाट देते. पुढल्या टायमाले जरा जाड घेजो."

मी चिडले होते, पण चिडण्याच्या आधी तोंडातून दुसरंच निघालं. "पण हे अंगणात कशाला? वाडी तर रेतीत असते ना?"

तुम्ही पहिल्यांदा माझ्याकडं नीट पाहिलं. आता वाटतं, मी विचारलेला तो पहिला कामाचा प्रश्न होता.

"पयले दसऱ्याले रेती उघडी पडे. आता दिवाळी झाली तरी पानी बसूनच राह्यते. आन तिकडून ऊन लवकर तापून राह्यलं. मधात दिवस किती उरले? मंग मी काय पान्याची वाट पायत बसू? तवरक रोप इथंच वाढते. पानी हटलं का डोक्यावर घेतलं आन गेलो."

मी वहीत लिहिलं: हवामानबदल. तुम्ही विचारलं, हे काय असते. मी कारखान्यांचा धूर, मोठ्या देशांच्या मोटारी, तापलेलं आभाळ, सगळं सांगितलं. तुम्ही मान हलवली.

"म्हणजे हे कोनाचं तरी करनं हाय."

"हो."

"मंग त्याइले जाऊन सांग न. मले कायले सांगून राह्यली?"

तुम्हाला वाडी काय असते हे सांगायची गरज नाही. पण माझ्या तोंडून तुम्ही ते कधी ऐकलं नाही, आणि मी ते किती शिकले हे तुम्ही कधी तपासलं नाही. तर ऐका. पावसाळा सरून नदी आत ओसरली की उघड्या पडलेल्या रेतीत ढिवरपुऱ्यातली घरं टरबूज, डांगर, काकडी लावतात. रेतीत खोल चर खणायचा, खाली ओल लागली की शेणखत टाकून रोप बसवायचं, वाऱ्याच्या बाजूनं कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा आडोसा करायचा. उन्हाळ्यात माल नाचणगावच्या, पुलगावच्या बाजारात. रेती कोणाच्या मालकीची नाही आणि ती एका जागी राहतही नाही. गेल्या वर्षीचं बेट यंदा डोह होतं. म्हणून दरवर्षी नवी आखणी, आणि आखणी तुम्ही करायची.

तुम्ही अनवाणी चालत होतात. मधेच थांबून रेतीत हात घालत होतात, कोपरापर्यंत, मूठभर वर काढून नाकाशी नेत होतात. मी मागून वही घेऊन.

"कसला वास घेता?"

"पान्याचा."

"पाण्याला वास नसतो, बाबाजी."

"तुया शाळेतल्या पान्याले नसन."

मग काठ्या रोवल्या जायच्या. काठाकडची रेती कोरडी बाजू, धारेकडची ओली बाजू. प्रत्येक घराला दोन्हीकडं एकेक तुकडा. हे दोन तुकड्यांचं तुम्ही सुरू केलंत, असं ढिवरपुऱ्यातला नामदेव सांगायचा, पावसाचं वेळापत्रक बिघडायला लागलं तेव्हा. आधी घराला एकच तुकडा असायचा. वाटप चिठ्ठीनं नव्हतं, कारण चिठ्ठी वाचणार कोण. प्रत्येक घराची एक खूण: कोणाचं बटण, कोणाचा चिंचोका, नामदेवच्या घरची सायकलच्या साखळीची कडी, तुमच्या घरची जाळ्याला लावायची शिशाची गोळी. सगळं एका मडक्यात. काठीपाशी जाऊन हात घालायचा, जी खूण निघेल ती तिथं ठेवायची. एकदा कोरड्या बाजूला, एकदा ओल्या बाजूला. मला ते फार आवडायचं आणि फार मागासही वाटायचं. दोन्ही खरं आहे.

आणि एक पट्टी तुम्ही दरवर्षी सोडायचात. बैलगाडीच्या वाटेहून थोडी रुंद, वरून खाली तिरपी जाणारी. सगळ्यांच्या वाड्यांच्या मधून. मी विचारलं होतं, "ही काऊन सोडली?" तुमच्या बोलीत विचारलं तर उत्तर मिळेल असं वाटलं होतं. तुम्ही म्हणालात, "असू दे न." मी वहीत लिहिलं: जाण्यायेण्याची वाट. आणि पुढचं पान उलटलं.

त्यानंतर ते हिवाळ्यातलं पाणी आलं. ज्या महिन्यात पावसाचं कोणी नाव काढत नाही त्या महिन्यात वर तीन दिवस कोसळला, वरच्या धरणाचे दरवाजे उघडले आणि भर दुपारी नदी रेतीवर चढली. मी दुसऱ्या दिवशी आले. ओल्या बाजूच्या वाड्या गेल्या होत्या. मी प्रत्येक गेलेली वाडी मोजली, प्रत्येक घराचं नाव लिहिलं, आणि संतापानं माझं अक्षर फाटत होतं. तुम्ही कोरड्या बाजूच्या वेली गाळातून हलक्या हातानं सोडवत होतात.

"अर्धं गेलं, बाबाजी."

"अर्धं हाय न."

मी ते ऐकलंच नाही. सात वर्षांत माझी सगळ्यात मोठी चूक कोणती असं कोणी विचारलं तर मी हे सांगेन. गेलेल्या वाड्या मोजल्या, वाचलेल्या का वाचल्या ते विचारलं नाही. पत्रकात वाचलेल्याला जागा नसते.

कचेरीत भरपाई मागायला गेले तर कारकून म्हणाला, "बाई, नदीच्या पात्राचा सातबारा असतो काय? सातबारा नाही, तर पंचनामा कशाचा करू?" ते माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच. वरून रेतीचे लिलाव होणार अशी बोलवा होती. आज ना उद्या एखादा ठेकेदार ट्रक घेऊन उतरेल आणि तुमच्याकडं दाखवायला मडक्यातल्या खुणा. मग मी नवं पत्रक काढलं: ‘रेतीचे पट्टे आमच्या नावावर करा’. प्रत्येक घराला एक कायमचा, नंबर लावलेला तुकडा. तिथून आपलं खरं भांडण सुरू झालं.

"नदी सरकली त मी काय कागद घिऊन पान्यात बसू?"

"कागद नसला तर रेतीतही बसू देणार नाहीत."

"ते बी खरं हाय," तुम्ही म्हणायचात, आणि जाळं सांधत राहायचात. तुमच्याशी भांडायला त्यामुळंच त्रास व्हायचा. तुम्ही माझं खरं मान्य करून स्वतःचं सोडत नव्हतात.

मधेच एकदा मी कोकणातल्या खारजमिनींवरचं पत्रक आणलं होतं. समुद्र वर चढतोय, खाडीचं खारं पाणी भातशेतात शिरतंय, बांध फुटतायत. काही लोक खाऱ्यात तग धरणारं भात लावतायत, ज्यांची शेतं गेली ते त्याच पाण्यात कोळंबी सोडतायत. मला तुम्हाला दाखवायचं होतं की तुम्ही एकटे नाही. मी वाचत होते आणि तुम्ही जाळं खाली ठेवलंत. मी काही वाचत असताना जाळं खाली गेल्याचं ते पहिल्यांदा.

"समुद्र बी सरकते?"

"सरकतो."

"केवढा असन तो?"

"दुसरा काठ दिसत नाही, बाबाजी."

तुम्ही नदीच्या पलीकडं पाहत राहिलात. पलीकडं अमरावती जिल्हा, धुणं धुणाऱ्या बाया, बकऱ्या, सगळं हाकेच्या अंतरावर. दुसरा काठ नसलेलं पाणी तुम्ही कसं उभं केलं असेल डोळ्यांपुढं? हा माझ्या वहीतला पहिला प्रश्न.

मग तुम्ही विचारायला लागलात. भात खाऱ्यात किती दिवस तगतं? पाणी खारं झालं हे पेरायच्या आधी कशावरून ओळखतात, चाखून काय? आणि मग, "तो बांध कोन बांधते?"

"गाव मिळून."

"कोनाच्या वावरातून जाते?"

"ज्याचं शेत खाडीच्या कडेला असेल त्याच्या."

"म्हणजे सगळ्याइचं वाचते आन त्याचं वावर बांधाखाली जाते. त्याले बाकीचे काय देतात?"

मी पत्रक उलटंसुलटं केलं. "ते नाही लिहिलेलं."

"मंग काऊन छापलं?"

मी हसले. तुम्ही हसत नव्हता. ते मला दिसलं होतं, तरी मी पुढं गेले.

यंदा आखणीच्या आधीच मी टेप घेऊन आले. पाणी पुरतं हटलं नव्हतं, म्हणून काठावरच्या गेल्या वर्षीच्या खुणांवरून मोजलं. टेपचं दुसरं टोक नामदेवनं धरलं. रेतीचा एक इंच सोडायचा नाही, सोडलेला इंच लिलावात जाईल, असं मी सगळ्यांना बजावलं. जाड कागदावर नकाशा काढला. एकवीस घरं, एकवीस तुकडे. ती तिरपी पट्टी चौदा नंबर झाली. वच्छलाबाई त्या दिवशी बाजाराला गेली होती. तुमच्या ओट्यावर नकाशा पसरला आणि तुम्ही त्याच्याभोवती एक चक्कर मारली.

"हे तिरपं कोनतं?"

"चौदा."

"कोनाले देऊन राह्यली?"

"अजून कोणालाच नाही. सगळे नंबर मडक्यात टाकू."

"चौदा नोको टाकू. ते माया नावानं लिही."

नामदेवनं मान खाली घातली. मला वाटलं, म्हातारा अखेर पटला. मी शाईचा डबा पुढं केला आणि म्हणाले, "सात वर्षं लावली तुम्ही, बाबाजी." तुम्ही अंगठा दाबलात, उचललात, आणि म्हणालात, "ठसा बराबर उठला का पाय." बराबर उठला होता. मी घरी जाऊन जेवताना वडिलांना ही गोष्ट दोनदा सांगितली.

मग तुमच्या छातीत दुखायला लागलं. सेवाग्रामच्या दवाखान्यात आठ दिवस राहा म्हणाले, तुम्ही दोन दिवसांत उठून आलात. "पानी हटून राह्यलं. मले पाहा लागते." शनिवारी सकाळी रोपांना पाणी घातलंत, ओट्याला टेकलात, आणि तिथंच.

तुम्ही गेल्यावर रेती उघडी पडली. सुतक होतं. नामदेव म्हणाला, तेरवी झाल्यावर आखू. पण अंगणातल्या रोपांची मुळं द्रोणाबाहेर निघाली होती. चौथ्या दिवशी वच्छलाबाईनं काठ्यांची मोळी उचलली.

"सुतक हाय न वहिनी," नामदेव म्हणाला.

"मले हाय. रोपाले नाई."

बाईनं आखणी केल्याचं ढिवरपुऱ्यात कोणाला आठवत नव्हतं. नामदेव म्हणाला, यंदा तर नकाशाच आहे, नकाशावरून काठ्या रोवू. मी अभिमानानं नकाशा काढला. पण ती पुढं निघून गेली होती, अनवाणी. थांबली. हात रेतीत घातला, कोपरापर्यंत. मूठ नाकाशी नेली. बाबाजी, तुम्ही तिला शिकवलं होतं का, की तिनं मागून पाहून उचललं? हा दुसरा प्रश्न. तिला विचारला तर म्हणाली, "पाय हायेत न मले बी."

एका ठिकाणी तिनं काठी रोवली, मग मोठी ढांग टाकून पलीकडं दुसरी. मधली पट्टी मोकळी.

"इथं पण लावायच्या काठ्या," मी म्हणाले. "हा चौदा नंबर आहे. बाबाजींनी मागून घेतला होता. म्हणजे आता तुमचा."

ती वळली. "हा?"

"हो."

"हा त पान्याचा हाय. इथून पानी जाते."

मला कळलं नाही, आणि ते तिला दिसलं. ती मला उतारावर घेऊन गेली आणि पायानं दाखवत राहिली. रेतीखाली जुन्या धारेचा माग आहे. वरून एकदम पाणी आलं तर ते आधी इथं शिरतं. म्हणून ही पट्टी मोकळी ठेवायची, मधून थोडी खोलगट करून ठेवायची. पाण्याला वाट मिळाली की ते बाजूच्या वाड्यांवर चढत नाही. "ते हिवाळ्यात आलतं न, ते इथूनच गेलं. नाई त वरची बी गेली असती."

अर्धं हाय न, बाबाजी. ते असं होतं तर.

मी नामदेवकडं पाहिलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"इथं पेरायचं नसते, हे सगळ्याइले माईत हाय." तो रेतीकडं बघून बोलत होता. "तू टेप घिऊन आली. एक इंच सोडायचा नाई म्हणे. मले वाटलं, बुढा सांगन. बुढ्यानं सांगतलं नाई. मागूनच घेतलं. मंग मी काय बोलू?"

मी तिथंच खाली बसले. ती पट्टी मडक्यातून कोणाच्याही वाट्याला आली असती. कागदावर नाव लागल्यावर ती मोकळी कोण ठेवणार? ज्याला एकच तुकडा तो पेरणारच. आणि पाणी आलं की वाट शोधत सगळ्यांवर चढणार. मी सगळ्यांसाठी लढत होते आणि सगळ्यांच्या वाड्या बुडवायचा नकाशा जाड कागदावर काढून आणला होता. तुम्ही मला अडवलं नाहीत, कारण लोकांना कागद हवा होता आणि तुमच्या मते तेही खरं होतं. तुम्ही फक्त पाण्याची वाट तुमच्या अंगठ्याखाली घेतलीत, रिकामी राहावी म्हणून. बांधाखाली ज्याचं वावर जातं त्याला बाकीचे काय देतात, हे तुम्ही मला विचारलं होतं. माझ्याकडं उत्तर नव्हतं, तर तुम्ही स्वतःच जाऊन बांधाखाली बसलात.

मी इथं थांबले असते तर हा छान स्मृतिलेख झाला असता. पण वच्छलाबाई अजून उभीच होती.

"म्हणजे कागदावर माया वाट्याले पान्याची वाट आली," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "बुढ्यानं मले इचारलं नाई. तूनं बी नाई इचारलं."

मग तिनं उरलेल्या काठ्या रोवल्या.

तर आता माझं भांडण घ्या, बाबाजी. चर ती खणते. रोपं डोक्यावर ती नेते. बाजारात टोपलं घेऊन ती बसते. मुलगा गेल्यापासूनच्या तीन वर्षांत तुम्ही आखणी केलीत आणि जाळी सांधलीत, आणि तिची वाडी एका अंगठ्यात देऊन टाकलीत. त्याग तुमचा आणि पोट तिचं. माझं पत्रक असतं तर मी हेच छापलं असतं, ठळक अक्षरात. तुमच्यावर माया आहे म्हणून हे खोडून टाकणार नाही. तुम्ही तिला सांगणार होता का? आज सांगू, उद्या सांगू असं चाललं होतं का? हा तिसरा प्रश्न, आणि याचंच उत्तर मला सगळ्यात जास्त हवं आहे.

दुपारी सगळे तुमच्या ओट्यावर जमले. नामदेवचं म्हणणं साधं होतं: अर्ज तयार आहे, देऊन टाकू, कागद तर होऊ दे, चौदाचं मागून पाहू. बऱ्याच माना हलल्या. मला त्या लोकांचा राग आला नाही. हिवाळ्यातल्या पाण्यानंतर कचेरीच्या पायऱ्या त्यांनीच झिजवल्या होत्या.

"मंग चौदा तू घे," वच्छलाबाई म्हणाली. "तुया नंबर मले दे."

नामदेवनं टोपी काढून पुन्हा घातली. "मले लेकरं हायेत, वहिनी."

"मले काय बकऱ्या हायेत?"

ओटा हसला. नामदेवही हसला, आणि मागं सरकून बसला. ती म्हणाली, "दरसाल होते तसंच करा. दोन-दोन तुकडे. मडकं आना. आन ते पट्टी कोनाचीच नाई. कागद असा लिवता येत असन त लिवा, नाई त नोको."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. सात वर्षांत मी तिथं कितीतरी कागद लिहून आणले होते. त्या ओट्यावर बसून, विचारून विचारून लिहिलेला हा पहिला. घाटाच्या पायऱ्यांपासून नाल्याच्या तोंडापर्यंतची सगळी रेती, सगळ्यांची मिळून. आतल्या रेघा दरवर्षी आम्ही आखू. पाणी जिथून जातं ती जागा मोकळी राहील, मग ती कुठंही सरको. एकेक ओळ वाचून दाखवत होते. वच्छलाबाई मधेच म्हणाली, "खाली नावं कोनाची?" मी घरमालकांची यादी वाचली. "रोप डोक्यावर कोन नेते? त्याइची बी लिव." म्हणून नावं दुप्पट झाली आणि एका पानाची दोन पानं.

कचेरीत कारकुनानं कागद दोन्ही बाजूंनी पाहिला. "असा नमुना नाही. नेमका तुकडा कोणता ते तर सांगा."

"दरसाल पाऊस सरल्यावर या," वच्छलाबाई म्हणाली. "नदी दाखवन."

त्यानं आवकचा शिक्का मारला. पुढं काय होईल मला माहीत नाही. लिलाव झाला तर हा कागद ट्रकपुढं उभा राहील का, तेही माहीत नाही. उभं राहावं लागलं तर मी राहीन, ते मला येतं.

तुमच्या अंगठ्याचा जुना अर्ज काढून टाकायला मी विसरले नव्हते, बाबाजी, मला तो फाडवत नव्हता. काल तो वच्छलाबाईला दाखवला. तुमचा एकही फोटो घरात नाही. तिनं ठसा उजेडात धरून पाहिला, अंगठ्यावरची जाळ्याच्या दोऱ्यानं पडलेली आडवी चीरसुद्धा उमटली आहे. म्हणाली, "हा इथंच राहू दे." हे लिहून झालं की तो पिशवीतून काढून तिच्याकडं देणार आहे. आणि नकाशा तिनं काल मागूनच घेतला. जाड कागद. दुसऱ्या खेपेच्या रोपांना त्याचे द्रोण होतात. मी समोर बसून तुकडे करून दिले.

मडकं फिरलं. तुमच्या घरची शिशाची गोळी कोरड्या बाजूला नामदेवच्या कडीशेजारी निघाली, आणि ओल्या बाजूला त्या पट्टीला अगदी लागून. वच्छलाबाई म्हणाली, बरं झालं, लक्ष राहील.

हिवाळ्यात पाणी येईल का, आलं तर त्या वाटेनं जाईल का, हे बघायला मी येणार आहे. या वेळी वाचलेल्या वाड्या आधी मोजीन. काल मी निघताना नामदेवच्या बकऱ्या पट्टीत उतरल्या होत्या, तर वच्छलाबाई काठावरून म्हणाली, "भाऊ, चौदा नंबरातून काढा त्याइले." नकाशा अंगणात माती धरून बसला आहे, एकापासून एकवीसपर्यंतचे सगळे नंबर गेले, पण त्या पट्टीला सगळे चौदा नंबरच म्हणायला लागले आहेत. तुमच्याच नावावर आहे ती, असं समजा. रिकामी आहे.

मी चपला काठावर काढल्या आणि खाली उतरले. मधोमध जाऊन रेतीत हात घातला, कोपरापर्यंत. मूठभर वर काढली आणि नाकाशी नेली.

असतो, बाबाजी. पाण्याला वास असतो.